दीड लाख रुपये, एक रिकामी खोली आणि सहावी ते आठवीची पोरं: काय घ्यावं?

खडूफळा
नमस्कार मंडळी. यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आठवीपर्यंत वर्ग, वरच्या तीन वर्गांत मिळून ७१ मुलं. गावातली जी पोरं पुण्या-सुरतला नोकरीला गेली त्यांनी दीड लाख जमवून दिलेत. अट एकच, मुलांनी हाताने काही बनवावं अशी सोय शाळेत झाली पाहिजे. पोषण आहाराचं धान्य ठेवायची जुनी खोली रिकामी आहे. वर पत्रे, खाली फरशी, एक खिडकी, दोन प्लग.

शाळा व्यवस्थापन समितीचं म्हणणं, थ्रीडी प्रिंटर घ्या, तालुक्यात नाव होईल. माझं मन धजत नाही. आमच्याकडे विज्ञानाची एक पेटी पाच वर्षांपूर्वी आली होती. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या वहीत, नोंद झाली, चार्ज देताना-घेताना मोजली गेली आणि परत कपाटात गेली. काही तुटलं तर भरून कोण देणार, या एका धाकापायी ती पेटी कुणी मुलांच्या हाती दिली नाही. त्यात मीही आलो, आणि ते मला अजून खातं. या खोलीचं तसं होऊ द्यायचं नाही. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी सांगा, काय घेऊ आणि काय नको?

गिरणाकाठ
वाचतोय. छान विषय.

ब्रेडबोर्ड
मूळ अमळनेरचा, सध्या पुण्यात. एका शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये दोन वर्षं शनिवारी जात होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

केंद्र सरकारची ही योजना २०१६ पासून आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० लॅब करायचं जाहीर झालं. म्हणजे प्रिंटर, सेन्सर, मायक्रोकंट्रोलर हे आज ना उद्या खेड्यापाड्यात पोचणारच. तुमचे दीड लाख त्यावर घालवू नका.

मी जात होतो तिथे प्रिंटर होता. एक वस्तू छापायला तीन-चार तास, वर्गात चाळीस मुलं. एकाची वस्तू होईपर्यंत बाकीचे बघत बसणार. त्यात मध्येच लाईट गेली की सगळं मुसळ केरात. पावसाळ्यात छपाईच्या प्लास्टिक तारेचं रीळ उघडं राहिलं, दमट झालं आणि नोझल चोंदली. दुरुस्तीला माणूस यायला दीड महिना लागला.

आणखी एक गोष्ट खास आपल्याकडच्यासाठी. शाळेत वापरतात ती पीएलए नावाच्या प्लास्टिकची तार साधारण २०० अंशाला वितळवून छापतात, पण ६० अंशाच्या आसपासच ती मऊ पडायला लागते. मुलांनी छोट्या सोलर पॅनेलला धरायला एक कडी छापली होती. मी ती हौसेने गावी आणली आणि एप्रिलमध्ये आमच्या पत्र्यावर बसवली. संध्याकाळी वर जाऊन बघतो तर कडी मेणबत्तीसारखी झुकलेली, पॅनेल पत्र्यावर पालथं. तीच कडी घरातल्या पाईपच्या तुकड्यातून कापली, ती तीन उन्हाळे झाले तशीच आहे.

खडूफळा
@ब्रेडबोर्ड, हे समितीला वाचून दाखवतो. आमची खोली पत्र्याचीच आहे.

जळगावचा_पालक
वेगळं मत मांडतो, राग मानू नका. माझी मुलगी आठवीला आहे. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत नंबर लागला तर बारावीपर्यंत चार वर्षं दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. आमच्यासारख्यांच्या घरात ही रक्कम लहान नाही. शाळेत आधीच जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण यात मास्तर गुंतलेले. उरलेल्या वेळात पोरांनी गणित करायचं की खिळे ठोकायचे? आमच्या वेळी कार्यानुभव होता. माझं भरतकाम आईने करून दिलं, सरांनी ‘अ’ श्रेणी दिली. हे तसंच होणार नाही कशावरून?

तापीकाठची
@जळगावचा_पालक दादा, कार्यानुभवाबद्दल शंभर टक्के खरं. वस्तू घरी करून आणायची म्हटलं की ती आईच करते. म्हणून आमच्याकडे पहिला नियम असा की वस्तू घरी न्यायची नाही आणि घरून आणायचीही नाही. जे होईल ते इथेच. अर्धवट राहिलं तर नावाची चिठ्ठी लावून फळीवर ठेवायचं.

गणिताचं म्हणाल तर माझा अनुभव सांगते. शिरपूरकडच्या गावात सातवीला शिकवते. अपूर्णांकांनी माझा जीव घेतला होता. तीन अष्टमांश मोठा की एक द्वितीयांश, दर वर्षी तोच गोंधळ. गावातल्या सुतारदादांना बोलावून पाटाला पाय बसवायचं काम घेतलं. ते मापं सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. “तीन सूत सोडून खूण कर, चार सुताचं भोक पाड.” एका मुलीने पट्टी डोळ्यांजवळ नेली, सुतं मोजली आणि म्हणाली, “मॅडम, चार सूत म्हणजे अर्धा इंच ना? मग तीन सूत त्याच्याहून कमीच.” फळ्यावर दोन आठवडे झगडून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिने तिथे उभ्या उभ्या मला सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना मी फार आनंदात होते.

@खडूफळा सर, एक गोष्ट आधीच ठरवून घ्या. हत्यार कुणाच्या हातात? आमच्याकडे पहिले दोन महिने पकड-पाना मुलांच्या हातात आणि वही मुलींच्या हातात, असंच आपोआप व्हायचं. मी काही बोलले नव्हते, तरी तसंच. मग जोड्या केल्या आणि दर पंधरा मिनिटांनी थाळी वाजवायला लागले. थाळी वाजली की हत्यार दुसऱ्याकडे. आता थाळी लागत नाही. आणि करवत सर्वांत सरळ कोण चालवतं म्हणाल तर आठवीतली एक मुलगी, जिच्या घरी भाकरी थापण्यापासून गुरांच्या वैरणीपर्यंत सगळं तीच बघते. तिचे हात मुळातच तयार आहेत. शाळेने ते बघितले नव्हते इतकंच.

गिरणाकाठ
तापीकाठची ताई, थाळीची कल्पना लई भारी. आमच्या चाळीसगावकडे एक सर पोरांना गाडी उघडून दाखवायचे. शेवटच्या तासाला अहिराणीत म्हणायचे, “पोरेस्नी मन्ही फटफटी खोली टाकी, आते मी घर कसा जासू?” पोरं जागेवर बसून जोडून द्यायची, एक नट उरायचा नाही. त्यातले दोघं आज गॅरेज चालवतात आणि सरांच्या गाडीचे पैसे घेत नाहीत.

पाना_पकड
मी भुसावळचा. रेल्वेत ३४ वर्षं फिटर. मला कॉम्प्युटरचं फार कळत नाही, नातू टाईप करून देतो आहे.

सर, हत्यारं थोडी घ्या पण चांगली घ्या. सेटमध्ये स्वस्तात मिळतात ते पेचकस दोनदा फिरवले की टोक झिजतं, मग स्क्रूचा खाचा खराब होतो आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. पोराचा काही दोष नसतो. एक मोठा व्हाईस (वस्तू घट्ट पकडून ठेवायचा शिकंजा) घ्या, जाड लाकडी टेबलावर पक्का बोल्ट मारून. उंची पोराच्या कोपराइतकी पाहिजे, तुमच्या नाही. आठ-दहा कानशी, चार हॅकसॉ, पातीचं एक पाकीट, हातोड्या दोन वजनाच्या, काटकोन्या, लोखंडी पट्ट्या, हाताने फिरवायचं ड्रिल. एवढ्यावर वर्ष निघतं आणि पैसेही उरतात.

आम्हाला पहिले कित्येक आठवडे एकच काम होतं, लोखंडाचा तुकडा कानशीने सपाट करायचा. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे घेताना कानस उचलायची, कारण दात पुढेच कापतात. मागेही दाबली तर दात बोथट होतात. मग काटकोन्या लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घासा. मास्तर काही बोलायचा नाही, तुकडा आपल्या हातात परत द्यायचा. चूक उजेडच दाखवायचा. पोरांना हे एकदा करू द्या.

आणि हत्यारं कपाटात नको. भिंतीवर प्लायवूडची फळी लावा, प्रत्येक हत्यार तिथे ठेवून त्याच्या कडेने रंगाने आकार काढा. सुट्टी झाली की रिकामा आकार लांबून दिसतो. मोजायला रजिस्टर उघडावं लागत नाही.

खडूफळा
@पाना_पकड काका, कोपराच्या उंचीचं टेबल हे माझ्या डोक्यातही आलं नसतं. सहावीतली पोरं फार बुटकी आहेत, त्यांच्यासाठी पायाखाली पाट ठेवला तर चालेल का?

पाना_पकड
चालेल. पण हलायला नको. चारी कोपऱ्यांना रबर ठोका.

केळीचा_घड
रावेरहून. सर, तुमच्या गावात सगळ्यात जास्त काय पडलंय ते बघा ना. जुन्या ठिबकच्या नळ्या! प्रत्येक बांधावर गुंडाळी पडलेली. १६ मिमीची लॅटरल, जॉइनर, टी, ग्रोमेट, एंड कॅप, सगळं एकमेकांत बसतं, पोरांना जोडायला शिकवावंही लागत नाही. फुकट.

माझा पुतण्या सातवीत असताना त्यांच्या सरांनी एक काम दिलं होतं. शेतात जाऊन ड्रीपर, म्हणजे नळीवरच्या थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, तपासायचे. ताशी ४ लिटरचा ड्रीपर आहे, तर पंधरा मिनिटांत एक लिटर भरलं पाहिजे. पोरांनी ओळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी डबे लावले. सुरुवातीला लिटरला थोडं कमी, शेवटच्या डब्यात अर्धाही नाही. मी म्हणालो डबा चुकीचा लावला असेल. पोरांनी माझ्यासमोर डबे अदलाबदल करून परत मोजलं. तेवढंच आलं! एंड कॅप काढली तर आतून काळा गाळ आला. वीस वर्षं केळी करतोय आणि ओळीच्या टोकाची झाडं का मागे राहतात हे मला सातवीच्या पोरांनी दाखवलं. त्या दिवशी पोरांना शेतातच जेवू घातलं.

ब्रेडबोर्ड
@केळीचा_घड, याला जोडूनच सांगतो. आमच्या शाळेत मुलांनी मातीचा ओलावा मोजायला दोन खिळे रोवून त्यांतून बॅटरीचा थोडा प्रवाह सोडला होता. माती ओली असली तर प्रवाह जास्त, कोरडी असली तर कमी. पहिले तीन दिवस झकास. आठवड्याने आकडे काहीच्या काही. मुलं म्हणाली सेन्सर बिघडला, नवीन आणा. मी म्हटलं, आधी खिळे उपटून बघा.

एक खिळा तांबडा-काळा होऊन अर्धा खाल्लेला, दुसरा जवळजवळ कोरा. एकाच मातीत, एकाच दिवशी रोवलेले. असं का? एकाने शंका काढली की खाल्लेला खिळा बॅटरीच्या धन टोकाला होता. मग नवीन खिळे घेतले, वायरी उलट लावल्या, परत आठवडाभर थांबले. या वेळी दुसरा खाल्ला गेला. विद्युत अपघटन पुस्तकात येण्याआधीच त्यांच्या हातात आलं होतं. उपायही त्यांनीच काढला. प्रवाह सतत द्यायचा नाही, मोजायचं तेव्हाच क्षणभर द्यायचा. त्या दिवशी मी विकतचा सेन्सर आणून दिला असता तर यातलं काहीच झालं नसतं.

वायरमन_चोपडा
धागा चांगला चाललाय, पण कुणी धोक्याचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. हे कृपया गांभीर्याने घ्या.

शाळांमध्ये ‘जुन्या वस्तू घेऊन या, खोलून बघू’ असा कार्यक्रम करतात. चांगला आहे, पण काय खोलायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. जुना डब्बा टीव्ही नको, बंद असला तरी आत व्होल्टेज साठलेलं राहतं. मायक्रोवेव्ह तर मुळीच नको, त्यातला कपॅसिटर जीव घेऊ शकतो. फ्रिजचा कॉम्प्रेसर नको, गॅस असतो. मोबाईल-लॅपटॉपच्या बॅटऱ्या पोरांच्या हाती देऊ नका, पेचकस घुसला की पेट घेतात. मिक्सर, टेबल फॅन, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, सायकल चालेल. मिक्सर-पंख्याची वायर प्लगसकट आधीच कापून टाकायची, म्हणजे कुणी हौसेने लावून बघणार नाही.

खोलीला अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा स्विच) पहिल्या दिवशी. दीड लाखातले पहिले पैसे तिथे. पोरांचं सगळं काम सेल आणि ५ व्होल्टवर, भिंतीच्या प्लगला फक्त मास्तर. सोल्डरिंग खिडकीजवळ, डोळ्यांना चष्मा, नंतर साबणाने हात. ड्रिलजवळ मुलींनी वेणी बांधून आत खोचायची, ओढणी काढून ठेवायची. मी एक हात अडकलेला पाहिला आहे, म्हणून इतकं लिहितो.

तापीकाठची
वायरमन भाऊ, मनापासून आभार. हे छापून खोलीच्या दारावर लावते.

सातपुडा_पायथा
धडगाव भागात आश्रमशाळेवर आहे. आमच्या मुलांची घरची भाषा पावरी-भिलोरी. पाठ्यपुस्तकाची मराठी त्यांना परकी, त्यामुळे वर्गात गप्प. नवीन असताना मला वाटायचं, यांना येतच नाही.

एकदा कुंपणाचा दरवाजा मोडला. शिपाई रजेवर. नववीच्या चार मुलांनी मागच्या रानातून बांबू आणला, आडवे-उभे लावून सालीच्या दोरीने बांधला. मी गाठ बघत बसलो. जितकी ओढावी तितकी घट्ट होणारी. मी सोडवायला गेलो, सुटेना. एकाने दोरीचं एक टोक उलट ओढलं, क्षणात सुटली. मी म्हटलं, मला शिकव. त्या दिवशी तो मुलगा माझ्याशी पहिल्यांदा बोलला, आणि सलग अर्धा तास बोलला. कुठला बांबू कधी तोडायचा, पाण्यात किती दिवस बुडवून ठेवला म्हणजे भुंगा लागत नाही, कुठल्या पेऱ्यावर फाडला की चीर सरळ जाते.

तेव्हापासून आमच्या खोलीत पहिला तास मुलं शिकवतात, मी वहीत लिहून घेतो. गोफण, टोपली, मासे धरायची बांबूची सापळी, खाट विणणं. मग त्यातूनच प्रश्न निघतात. गोफणीची दोरी लांब केली तर दगड लांब का जातो? खाट तिरकी विणली तर का झोळत नाही? @खडूफळा सर, प्रिंटर घ्यायचा की नाही हे मला सांगता येणार नाही. पण यादी करण्याआधी तुमच्या ७१ मुलांच्या घरी कोण काय बनवतं याची यादी करा, एवढं नक्की सांगतो.

जळगावचा_पालक
@सातपुडा_पायथा, हे वाचून थांबलो. माझे वडील बैलगाडीची चाकं करायचे. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करून लाकडी चाकावर चढवायची, वरून पाणी ओतायचं, धाव आवळली की आरे कुरकुरायचे. धाव चाकापेक्षा किती लहान ठेवायची हे ते दोरी फिरवून ठरवायचे. शाळेत उष्णतेने धातू प्रसरण पावतो हे मी घोकून पाठ केलं, आणि तोच धडा रोज अंगणात चालायचा हे मला कुणी सांगितलं नाही. वडिलांना तर शाळेत कुणी कधी बोलावलंच नाही.

परीक्षेची काळजी मात्र अजून आहे. आठवड्याला किती तास देता?

तापीकाठची
दादा, आनंददायी शनिवार आहेच, त्याचे तास आम्ही इथे वापरतो. नवीन शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळा आणि गावातल्या कारागिरांकडे शिकणं आहे. म्हणजे गणिताचा तास कापावा लागत नाही. आणि वडिलांबद्दल लिहिलंत ते फार आतून आलं. आता चाकं करणारे कुणी आहेत का तुमच्याकडे?

जळगावचा_पालक
वडील गेले. त्यांचा वाकस आणि पटाशी माझ्याकडे आहे, तेल लावून ठेवलेली.

ब्रेडबोर्ड
पाबळच्या विज्ञान आश्रमाचा उल्लेख राहिला. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यात सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय शाळांमध्ये आठवड्यातून एक दिवस चालतो. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग. मला सर्वांत आवडलेलं म्हणजे मुलं गावाची खरी कामं करून देतात आणि त्याचे पैसे घेतात. गिऱ्हाईक आलं की माप चुकवून चालत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने २००२ मध्ये तिथे फॅब लॅबही (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा) आली, पण त्याआधी वीसेक वर्षं सुतारकाम, वेल्डिंग, माती परीक्षण चालूच होतं. यंत्रं मागाहून आली. खडूफळा सर, जमलं तर एकदा पाबळला जाऊन या.

गिरणाकाठ
आणि ज्यांच्याकडे दीड लाखही नाहीत त्यांच्यासाठी: अरविंद गुप्ता यांची खेळणी. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, एवढ्यात त्रिकोण, चौकोन, घनाकृती. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन लगेच कलतो. आमच्या पोरीने त्यावरून मांडवाला तिरका बांबू का लावतात ते मला सांगितलं.

खडूफळा
काल रात्री समितीची बैठक झाली. तुमचे प्रतिसाद मोबाईलवर वाचून दाखवले. केळीचा_घड भाऊंचं ड्रीपरचं वाचलं तेव्हा अध्यक्षांनी आपल्याही ओळीच्या टोकाची झाडं मागे असल्याचं सांगितलं. प्रिंटर मागे पडला.

ठरलं ते असं. आधी अर्थिंग, ईएलसीबी आणि पत्र्याखाली छत. मग व्हाईस, दोन टेबलं, पाना_पकड काकांच्या यादीतली हत्यारं. चाळीस हजार मुद्दाम बाजूला ठेवलेत, खिळे, पाती, सेल, सोल्डर, दोरी अशा संपणाऱ्या वस्तूंसाठी, तीन वर्षं पुरवून. मुख्याध्यापकांनी लेखी मान्य केलंय की मोडलेली पाती, जळलेले एलईडी ही खर्ची पडणारी वस्तू म्हणून लिहायची, डेडस्टॉकला नाही. वापरून मोडलं तर भरपाई नाही. खरं सांगतो, इतर सगळ्यापेक्षा या एका सहीसाठी मी जास्त वेळ बसलो होतो.

सातपुडा सरांनी सांगितलेली यादीही मुलांकडून करून घेतली. ७१ घरांत दोन सुतार, एक वेल्डर, चार पंपाची मोटार बांधणारे, एक वाजंत्री जो ढोल स्वतः मढवतो, गोधड्या शिवणाऱ्या अकरा आज्या. एका मुलाने लिहिलं, “आमच्या घरी कुणी काही बनवत नाही, फक्त माय केळीच्या सोपटाची दोरी वळते.” त्याच्या आईला पहिल्या शनिवारी बोलावलंय.

पाना_पकड
सर, मी पण येतो पहिल्या शनिवारी. माझ्या कानशी आणि एक जुना व्हाईस घरी पडून आहे, शाळेला देईन. हत्यारांच्या फळीला दार उघडतं त्या बाजूची भिंत नको. दार कुठल्या बाजूला उघडतं तेवढं कळवा, म्हणजे प्लायवूड इथूनच कापून आणतो. आणि यावलहून पुढे सकाळची एसटी किती वाजता आहे?